चारचौघांतला धपाटा

आईबाबांनो, पालकसभेत मी एक प्रश्न हमखास विचारते. लहानपणी खाल्लेला एखादा मार आठवतो का? आधी हशा पिकतो, मग एकेक जण बोलायला लागतं. लाटण्याचा मार, लाकडी पट्टीचा मार, वडिलांच्या कमरेच्या पट्ट्याचा मार, मामाच्या गावी सगळ्या भावंडांदेखत बसलेली थोबाडीत. मग मी विचारते, कशाबद्दल मारलं होतं? इथे बरेच जण अडखळतात. काहीतरी सांडलं असेल, खोटं बोललो असू, नक्की आठवत नाही. पण त्या वेळी तिथे कोण कोण होतं, हे मात्र लख्ख आठवत असतं. काकू दारात उभ्या होत्या. आत्येभाऊ फिदीफिदी हसत होता. आजोबांनी पेपर जरा खाली केला, बघितलं आणि पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

आज मला तुमच्याशी या ‘तिथे असलेल्यांबद्दल’ बोलायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. मुलाला मारू नये, आणि कुणी मारत असेल तर बघणाऱ्याने मध्ये पडावं. पहिली गोष्ट हल्ली बऱ्याच जणांना निदान तत्त्वतः पटते. दुसरी ऐकली की लोक मागे सरकतात. “ज्याचं मूल त्याने बघावं, आपण कोण?” हे वाक्य सुशिक्षित घरांतून फार ऐकू येतं.

पण आधी मारण्याबद्दलच थोडं. मार हा शिस्तीचा भाग आहे, असं आपण म्हणतो. मग तो बसतो कधी, तेही बघा. सकाळी खाली व्हॅनचा हॉर्न वाजत असतो आणि एक मोजा सापडत नसतो, तेव्हा. संध्याकाळी सातनंतर कुकर लावायचा असतो, ऑफिसचा फोन चालू असतो आणि समोर वही उघडी असते, तेव्हा. पाहुण्यांसमोर. लग्नाच्या हॉलमध्ये. हीच खोडी मुलाने रविवारी दुपारी केली, तर “काय रे हे!” म्हणून आपण सोडून देतो. खोडी तीच, मूल तेच. बदललेलं असतं ते आपलं दमणं. साहेबांचं बोलणं, सासूबाईंचा शब्द, चुकलेली गाडी, महिनाअखेरची ओढाताण, सगळं वड्याचं तेल त्या एवढ्याशा पाठीवर निघतं. दमलेल्या आईबाबांबद्दल मला मनापासून माया आहे. म्हणूनच सांगते, त्या दमण्याला शिस्तीचं नाव देऊ नका.

अभ्यासाच्या वेळचा मार तर मी फार जवळून पाहिला आहे. दुसरीतली मुलगी. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन वजा करते आणि 35 लिहिते. आई म्हणते, हातचा घे. ती खोडते आणि पुन्हा 35 लिहिते. खोडरबर घासून घासून कागदाला भोक पडतं. मग पाठीत धपाटा बसतो. यानंतर ती मुलगी वहीकडे बघतच नाही, आईच्या चेहऱ्याकडे बघते आणि आकडे सांगत सुटते. चौतीस? पंचेचाळीस? पंचवीस? पंचविसाला आईचा चेहरा सैल होतो. आई म्हणते, “बघ, एक दिला की कसं झटक्यात येतं!” आईची खात्री पटते की मार लागू पडतो. मुलीला वजाबाकी आलेली नसते. चेहरा वाचायला मात्र ती शिकलेली असते, आणि पुढे कितीतरी वर्षं ती तेच करत राहते. दहा काड्यांचा एक जुडगा सोडून तिच्यासमोर पसरला असता, तर पाच मिनिटांत काम झालं असतं.

मुलांना न मारता शिकवा, हे सांगणारी माणसं आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेली. गिजुभाई बधेकांनी भावनगरला 1920 साली बालमंदिर काढलं. मुंबईत शिकलेल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्यासोबत काम करायला गेल्या आणि पुढे बोर्डी आणि कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या उभ्या केल्या. शिक्षेचा धाक नको आणि बक्षिसाचं आमिषही नको, या पायावर या बालवाड्या उभ्या होत्या. मुलांना न मारणं हे परदेशातून आलेलं फॅड आहे, असं म्हणणाऱ्यांनी कोसबाडच्या टेकडीवरचं हे काम जरूर आठवावं.

“पण हलकीशी चापट आणि मारहाण यांत फरक आहे ना?” हा प्रश्न हमखास येतो. फरक आहेच. पण 2016 साली एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी जवळजवळ पन्नास वर्षांतलं संशोधन एकत्र करून तपासलं. एक लाख साठ हजारांहून जास्त मुलांची माहिती त्यात होती. त्यांनी मुद्दाम उघड्या हाताने दिलेली चापटच पाहिली. जबर मारहाण वगळली. चापट जितकी जास्त, तितकी मुलं हट्टी, आक्रमक आणि मनाने खचलेली दिसली. मारल्यामुळे मूल जास्त ऐकायला लागतं, असं काही त्यांना आढळलं नाही. आणि आपल्या घरांचं म्हणाल, तर 2007 साली केंद्र सरकारने तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिनांतल्या दोन मुलांनी मार खाल्लेला होता. घरात मार खाल्लेल्यांपैकी जवळजवळ 89 टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते.

इथे कुणीतरी साने गुरुजींचं पुस्तक पुढे करतं. श्यामच्या आईने नव्हतं का मारलं? मारलं होतं. पोहायला जायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला तिने शिंपटीने मारून विहिरीवर पाठवलं होतं, आणि नंतर जवळ घेऊन समजावलंही होतं. पण बेचाळीस रात्रींच्या त्या पुस्तकातली एवढी एकच रात्र आपल्याला सोयीची म्हणून लक्षात राहते. अंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामसाठी त्याच आईने आपले ओचे पसरले, त्यावर त्याला ओले पाय टिपू दिले आणि मनही असंच जप, असं सांगितलं. श्याम मोठेपणी जो झाला तो या असल्या बोलण्यांनी झाला. पुस्तक वाचलेल्या कुणालाही हे कळतं. शिंपटीचा आधार घेणाऱ्यांना माझी विनंती आहे, पुस्तक पुन्हा एकदा सगळं वाचा.

कायद्याचंही थोडक्यात सांगते. शाळेत मुलाला मारणं किंवा मानसिक त्रास देणं शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने बंद झालेलं आहे. तो कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. घरातल्या चापटीवर आपल्याकडे अशी थेट बंदी नाही. पण 2015 च्या बाल न्याय कायद्याचं 75 वं कलम मूल ज्याच्या ताब्यात आहे त्या प्रत्येकाला लागू होतं, आईवडिलांनाही. मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक यातना होतील असं मारलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शेजारच्या नेपाळने 2018 साली घरातला मारही कायद्याने बंद केला. स्वीडनने तर हे 1979 सालीच केलं, जगात सर्वांत आधी. तिथे आईबापांना तुरुंगात टाकणं हा हेतूच नव्हता. माहितीपत्रकं घरोघर पोचवली, दुधाच्या खोक्यांवर मजकूर छापला, म्हणजे नाश्त्याच्या टेबलावर आईबाप आणि मुलं तो एकत्र वाचतील. मला ही रीत आवडते. स्कॉटलंडने 2020 मध्ये आणि वेल्सने 2022 मध्ये घरातल्या मारावर बंदी आणली. मुलाकडे किंवा लेकीकडे तिकडे जाणाऱ्या आपल्या आजीआजोबांनी हे माहीत करून घ्यावं. तिथे नातवाला बागेत दिलेला धपाटा ‘आमच्यात चालतं’ म्हणून सोडला जात नाही.

आता बघणाऱ्यांकडे वळते.

संध्याकाळची कल्याण लोकल, बायकांचा दुसऱ्या वर्गाचा डबा. कुर्ल्याला कशीबशी आत शिरलेली एक आई, खांद्याला ऑफिसची पर्स, पुढे पाळणाघरातली पिशवी आणि कमरेला बिलगलेला चारएक वर्षांचा मुलगा. मुलाला खिडकी हवी होती. त्याने भोकाड पसरलं. आईने आधी समजावलं, मग डोळे वटारले, मग चिमटा काढला. तो आणखी मोठ्याने रडायला लागला, तशी तिने फाडकन त्याच्या गालावर लगावली. डब्यातला आवाज क्षणभर खाली आला आणि सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये गेल्या. मुलगा मात्र रडता रडता एकेकीच्या तोंडाकडे बघत होता.

खिडकीजवळच्या एक बाई म्हणाल्या, “अहो, एवढ्याशा मुलाला असं मारतात का?” बोलणं खरं होतं. त्या आईचा चेहरा लालेलाल झाला आणि तिने मुलाला आणखी एक ठेवून दिली, पहिलीपेक्षा जोरात. “बघ, लोक मला बोलतायत तुझ्यामुळे!”

तेवढ्यात क्लिपा आणि टिकल्या विकणारी बाई गर्दीतून वाट काढत आली. तिच्या हातात पुठ्ठ्यावर लावलेल्या क्लिपांची चळत होती. तिने त्यातला एक पुठ्ठा मुलापुढे केला. “ए दादा, धर जरा माझं हे. पडू देऊ नको हां, घाटकोपरपर्यंत धर.” मुलाने हुंदका देत दोन्ही हातांनी पुठ्ठा धरला. मग ती आईकडे वळून म्हणाली, “दमलंय पोरगं. तुम्ही पण दमलाय ताई. टेका इथे.” आणि तिने शेजारच्या दोघींना सरकायला लावून चौथी सीट करून दिली. आई बसली. तिने मुलाला मांडीवर घेतलं आणि पदराने त्याचं नाक पुसलं. क्लिपवाली पुठ्ठा परत घेऊन पुढच्या डब्यासाठी उतरली.

मध्ये पडणं म्हणजे काय, हे मला त्या बाईने दाखवलं. तिने उपदेश केला नाही, न्यायनिवाडाही केला नाही. मुलाला काम दिलं, आईला जागा दिली आणि दोघांच्या मध्ये स्वतः उभी राहिली. चारचौघांत चूक दाखवली की मारणाऱ्याला आपली लाज झाकायची असते, आणि त्याची किंमत मूल मोजतं. म्हणून मध्ये पडताना आईच्या किंवा बापाच्या विरुद्ध उभं राहू नका, त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहा. “पिशवी द्या इकडे.” “माझाही असाच करायचा हो.” “ये बाळा, गाडी बघू या.” एवढं साधं वाक्य पुरतं. संतापाची लाट मिनिट-दोन मिनिटांची असते. तेवढा वेळ कुणी आड आलं, तर वर गेलेला हात बहुतेक वेळा खाली येतो.

आणि समजा, हात खाली आलाच नाही, तरीही बोलणं वाया जात नाही. डबाभर मोठी माणसं गप्प बसली, की मुलाला वाटतं, मला मारणं बरोबरच असणार, कुणालाच त्यात काही वावगं दिसत नाही. एका माणसाने जरी “नको” म्हटलं, तरी त्याला कळतं की जगात असंही म्हणणारं कुणीतरी आहे. पालकसभेतल्या त्या आठवणींमध्ये एखादी तरी अशी निघते. “शेजारच्या मावशींनी मला घरात ओढून घेतलं आणि दार लावलं.” सांगणारा माणूस चाळिशी ओलांडलेला असतो, मावशी कधीच गेलेल्या असतात, तरी त्यांचं नाव घेताना त्याचा आवाज बदलतो.

चाळींमध्ये आणि वाड्यांमध्ये हे सर्रास चालायचं. मूल रडत गॅलरीत आलं की चार दारं उघडायची. कुणीतरी म्हणायचं, “वहिनी, सोडा हो त्याला, पोर आहे.” घरात आजी असायची, ती नातवाला पाठीशी घालायची. सगळंच सोनं होतं असं नाही. तिथे मारही भरपूर पडायचा आणि हसणारेही असायचे. पण मध्ये पडायला कुणाला परवानगी लागत नव्हती. आता फ्लॅटचं दार बंद झालं की आतलं आत. भिंतीपलीकडून फटक्यांचा आवाज आला, तर आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. हे मला फार लागतं.

शेजारच्या घरात रोज असं चालत असेल, तर जाऊन बेल वाजवा. विरजण मागा, पार्सल आलंय का विचारा, पाणी येतंय का विचारा. बायकांवरच्या घरगुती मारहाणीविरुद्ध ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने 2008 साली ‘बेल बजाओ’ मोहीम काढली होती, तिच्या जाहिरातींत शेजारी असंच काहीतरी साधं निमित्त काढून दार वाजवायचे. मुलांच्या बाबतीतही हीच वाट चालते. दार उघडेपर्यंत मार थांबतो, आणि मारणाऱ्याला कळतं की आवाज बाहेर जातोय. दुसऱ्या दिवशी त्या आईला चहाला बोलवा. काय चाललंय ते विचारा. पुष्कळदा ती स्वतःच मार खाणारी असते.

पण मुलाच्या अंगावर वळ दिसत असतील, चटके दिसत असतील, पट्टा किंवा काठी वापरली जात असेल, मूल घरी जायला घाबरत असेल, तर तिथे विरजणाने भागणार नाही. 1098 या क्रमांकावर फोन करा. मुलांसाठीची ही मदतसेवा 1996 साली मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत. पुरावा गोळा करणं हे तुमचं काम नाही. तुम्हाला जे दिसलं, ऐकू आलं, ते सांगायचं. आपल्या फोनमुळे एखादं घर मोडेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. घर फोनने मोडत नाही, आत जे चाललेलं असतं त्याने मोडतं.

घरातल्या घरातलंही एक. सासूबाईंनी किंवा नवऱ्याने मारताना हात धरला, की “तुम्हीच लाडावून ठेवलंय” हे भांडण मुलासमोर सुरू होतं. नियम काय असावेत, टीव्ही किती वेळ, मोबाइल द्यायचा की नाही, यावर रात्री मूल झोपल्यावर हवं तेवढं भांडा. पण मारणारा हात कुणीही धरावा, कधीही धरावा, आणि त्याचा राग धरायचा नाही, एवढं घरात आधीच शांतपणे ठरवून टाका. आणि “थांब, संध्याकाळी बाबांना येऊ दे” ही धमकी बंद करा. घरी येणारा बाप हा मुलाच्या आनंदाचा विषय असायला हवा.

हात उठलाच, तर नंतर मुलाजवळ बसून सांगा, “मी तुला मारलं, ते चुकलं. तू सांडलंस म्हणून मला राग आला होता. चल, आपण पुसू.” खाऊ देऊन, मोबाइल देऊन मिटवू नका. मुलाला खाऊ नको असतो, त्याला कळायला हवं असतं की काय झालं. माफी मागितल्याने आईबापाचा मान कमी झालेला मी तरी पाहिलेला नाही.

आणि आता खास तुमच्याकडे मागणं. कधी बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत तुमचा हात वर गेलेला असेल आणि कुणी अनोळखी बाई किंवा काका पुढे होऊन म्हणाले, “द्या हो, मी घेतो त्याला दोन मिनिटं,” तर “माझं मूल आहे, मी बघेन” असं म्हणू नका. ते तुमचा अपमान करायला आलेले नसतात. मूल त्यांच्याजवळ, तुमच्या डोळ्यांसमोर उभं राहू द्या, पाण्याचा घोट घ्या आणि तिथेच जरा बसा.